महाराजांच्या अंगात आलं की नेट जातं

दर गुरुवारी आणि रविवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. भरवेलीच्या खाणीतून पाळी संपवून आलेल्यांच्या सायकली नालीच्या कडेने लागायच्या, दोन-तीन ऑटोरिक्षा आमचं फाटक अडवायच्या, आणि समोरच्या शेवंताबाईंच्या ओसरीवर तरंगनाथ महाराज घोंगडीवर बसायचे. त्यांचा चेला वसंता माईक लावायचा, त्यात दोनदा फुंकर मारायचा. मग महाराज डोळे मिटायचे, मान गरगर फिरवायचे, आणि त्याच वेळी आमच्या घरातून माणिकरावांची हाक यायची.

"गेलं!"

इंटरनेट गेलेलं असायचं. आमच्या एकट्याचं नाही, गल्लीतल्या सगळ्या अकरा घरांचं. पाऊण तासाने महाराजांनी डोळे उघडून प्रसाद वाटला की दोन मिनिटांत ते परत यायचं. पाच आठवडे हे असं चाललं होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं. ज्यांना इंटरनेट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तेसुद्धा गोंदियाहून ते जाताना बघायला यायचे.

"देखो भाई," महाराज माईकवरून विचारायचे, "तार के अंदर क्या दौड़ता है? किसी ने देखा? नहीं देखा. जो दिखता नहीं, वो कौन?"

"तरंगनाथ!" गर्दी म्हणायची.

"हम जब ऊपर जाते हैं, सारे तरंग हमारे साथ ऊपर. अमरीका तक का तार खाली!"

अमेरिकेला हे कुणी कळवलं होतं की नाही, मला माहीत नाही.

ही गोष्ट २००८च्या जुलैमधली. माणिकराव, म्हणजे माझे यजमान, कलेक्टर ऑफिसातून निवृत्त झाले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे, फॉर्म भरून द्यायचे. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. घरचं आणि ऑफिसचं मिळून एकच कनेक्शन होतं, प्रेमलालचं. हा प्रेमलाल आधी केबल टीव्हीवाला. टीव्हीच्या तारेशेजारून त्याने २००२ साली इंटरनेटची तार ओढली आणि आम्ही त्याचे पहिले गिऱ्हाईक झालो. त्याआधी फोनवरून नेट लावताना जी किंचाळी ऐकू यायची, तिच्यापुढे प्रेमलालची तार म्हणजे स्वर्ग वाटला होता. स्वर्ग अधूनमधून बंद पडायचा. कधी माकडं तारेला लोंबकळायची, कधी शेजारचा पेरू छाटताना तारही छाटली जायची. फोन केला की प्रेमलालचं उत्तर ठरलेलं. "म्याडम, कधी गेलं, कधी आलं, लिहून ठेवा. मग बघतो." सहा वर्षं मी लिहीत होते. शाळेत हजेरी मांडायची सवय, त्यामुळे तारीख, वार, वेळ सगळं नीट.

महाराज आले ते शेवंताबाईंच्या दिराच्या ओळखीने, चार दिवसांसाठी. पहिल्याच गुरुवारी त्यांच्या अंगात आलं आणि नेट गेलं. गल्लीतले लोक "अहो, तुमचं चालू आहे का?" म्हणत बाहेर आले. महाराजांनी डोळे उघडून ते ऐकलं, क्षणभर विचार केला आणि मुक्काम वाढवला.

माझ्याच घरात कॉम्प्युटरच्या डब्यावर एक दिवस लिंबू सापडलं.

"हे काय?" मी विचारलं.

"असू दे गं," माणिकराव म्हणाले. "लिंबाने काही बिघडत नाही."

"सुधारलं का काही?"

"अजून तरी नाही."

तिसऱ्या दिवशी ते लिंबू मी वरणावर पिळलं.

हसण्यावारी चाललेलं हे प्रकरण राखीपाशी येऊन गंभीर झालं. राखी ही खाणीत काम करणाऱ्या सुखरामची मुलगी. बारावीला तिला चांगले गुण होते आणि जबलपूरला इंजिनियरिंगला जायची तिची जिद्द होती. त्या वर्षी कॉलेजांची पसंती इंटरनेटवर भरायची होती. शेवटची मुदत गुरुवार, संध्याकाळी पाच. आदल्या रविवारी दुपारी बापलेक आमच्याकडे आले. बरोबर निम्मी यादी भरून झाली आणि समोर माईकवर फुंकर वाजली.

"गेलं!" माणिकराव म्हणाले.

सुखराम उठला आणि थेट महाराजांसमोर जाऊन बसला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"महाराज म्हणतेत, पोरीचा योग नाही," तो म्हणाला. "गुरुवारी चार वाजता पुन्हा बसा म्हणे. तार चालली तर पाठवजो जबलपूरले. थांबली तर घरीच ठेवजो."

"बाबा, उद्याच भरू ना! उद्या कोणाच्या अंगात नाही येत!" राखी रडवेली झाली.

"नाही. मी शब्द देऊन आलो."

पासवर्डचा कागद घडी करून त्याने शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं. मी समजावून पाहिलं, माणिकरावांनी समजावलं. "म्याडम, तुम्ही शिकलेल्या," तो एवढंच म्हणाला, "पण मी डोळ्यानं पाहून राह्यलो ना." त्याचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. दिसत तर मलाही तेच होतं. महाराजांचं त्या पोरीशी काही वैर नव्हतं. त्यांना फक्त एक चमत्कार हवा होता, आणि तो घडवायला तिचं एक वर्ष लागणार होतं.

त्या रात्री मी माझी वही काढून बसले. गुरुवार, चार दहा. रविवार, चार पाच. पुन्हा गुरुवार. सगळं महाराजांच्या बाजूने बोलत होतं. मग मधल्या तीन नोंदी दिसल्या. तीन मंगळवार, सकाळी अकराला गेलं, वीस मिनिटांनी आलं. आणि मंगळवारी तर महाराज गल्लीत नसायचेच. सकाळीच जीपने हट्टा नावाच्या गावाला जायचे, तिकडच्या भक्तांना दर्शन द्यायला.

मंगळवारी महाराज हट्ट्यात, तर इथे अंगात येत होतं कुणाच्या?

सोमवारी सकाळी प्रेमलालला बोलावलं.

"तुझी तार आमच्या घरात येते कुठून?"

"खंब्यावरून, म्याडम. खंब्यावर कुठून, तर शेवंताबाईच्या घरून. तिथं डब्बा आहे. मेन तार डब्ब्यात येते, तिथून अकरा घरांत जाते. डब्बा ठेवायचा म्हणून त्यांना केबल फ्री देतो मी."

"आणि डब्याला वीज?"

"त्यांचीच. ओसरीवरचा बोर्ड आहे ना, त्याच्यात प्लग लावला आहे."

"बोर्डावर दुसरं काय लागतं?"

प्रेमलालने डोकं खाजवलं. "पिन तर एकच आहे, म्याडम, प्लग घालायची जागा एकच. मागच्या महिन्यात दुसरा बोर्ड ठोकायला गेलतो, पण वसंतानं हात नाही लावू दिला. महाराजांच्या मागे खिळा ठोकायचा नाही म्हणे."

मंगळवारी पावणेअकराला मी वाटी घेऊन शेवंताबाईंकडे विरजण मागायला गेले. त्या ओसरीवरच होत्या. पुढ्यात मिक्सर, बाजूला भिजवलेली डाळ.

"इथं काहून वाटता?" मी विचारलं.

"का सांगू बाई, रांधणीतला प्लग जळला. दर मंगळवारी नातवाले दोसे पाहिजेत. मिस्तरी काही येत नाही, तवापासून इथंच."

असं म्हणत त्यांनी दाराआडच्या बोर्डातून एक पांढरा प्लग उपसला आणि तिथे मिक्सरचा लावला. भिंतीवरच्या काळ्या डब्यातले हिरवे दिवे पटापट विझले. मिक्सर घुरघुरला. गल्लीपलीकडून, मिक्सरच्या आवाजातूनही, माणिकरावांची हाक आली.

"गेलं!"

मी इतकी हसले की विरजण घ्यायचं राहून गेलं. शेवंताबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मिक्सर काढला, पांढरा प्लग लावला, पुन्हा काढला. तीनदा करून पाहिलं. त्यांचा विश्वास माझ्या बोलण्यावर नाही, स्वतःच्या हातावर बसला, आणि ते बरंच झालं.

"म्हणजे वसंता माईक लावते तवा..." त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणूनच महाराज मले म्हणत, तू या बोर्डाले हात लावू नको, इथं माझी शक्ती आहे! अन् माझ्या घरातली पिन!"

गुरुवारी गर्दी दुप्पट होती. सुखरामच्या पोरीचा निकाल लागणार ही बातमी भरवेलीच्या क्वार्टरांमध्ये पोचली होती. मी सुखरामला आणि राखीला शेवंताबाईंच्या ओसरीवर पुढे बसवलं. माणिकराव पलीकडे आमच्या खिडकीत, कॉम्प्युटरसमोर. प्रेमलाल पिशवी घेऊन दारापाशी. चार वाजले. वसंताने दाराआड हात घातला, माईकवर फुंकर वाजली.

"गेलं!" खिडकीतून हाक आली. गर्दीने हात जोडले.

"देखा?" महाराज डोळे मिटूनच म्हणाले. "लड़की का योग नहीं..."

शेवंताबाई उठल्या, दाराआड गेल्या. महाराजांचा आवाज मध्येच तुटला. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं.

"आलं!" माणिकराव ओरडले.

लोक इकडेतिकडे बघू लागले. पुन्हा माईक खरखरला.

"गेलं!"

पुन्हा माईक मुका झाला.

"आलं!"

पाचव्या वेळेपर्यंत मागची पोरं माणिकरावांच्या आधीच ओरडायला लागली होती. वसंता दाराकडे धावला, तर तिथे शेवंताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "ए बाबू, मांगं सरक. घर माझं, बिजली माझी, पिन माझी!"

मी सुखरामला उठवून दाराआड नेलं. त्याच्या हातात पांढरा प्लग दिला. "तुम्हीच काढा. तुम्हीच लावा."

त्याने काढला. दिवे विझले. त्याने लावला. थोड्या वेळाने दिवे आले. खाणीत पंपाचं काम करणारा माणूस तो. एका पिनेत दोन मोटरा लागत नाहीत, हे त्याला मी काय सांगणार?

"येवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

तोवर प्रेमलालने पिशवीतून चार पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड काढला. एका पिनेत डबा लावला, दुसऱ्या पिनेत माईक. मग त्याने महाराजांना हात जोडले. "आता बोला महाराज. खुशाल ऊपर जा. नेट इथंच राहील."

महाराजांनी माईक तोंडाशी धरला. "ये तार... ये तार अशुद्ध..."

"चालू आहे!" खिडकीतून माणिकराव.

असं हसू मी त्या गल्लीत पुन्हा ऐकलं नाही. महाराजांना अचानक आठवलं की आज त्यांचं मौन आहे. ते आत गेले, आणि वसंता त्यांच्यामागून घोंगडी गोळा करत गेला.

सुखराम हसला नाही. साडेचार वाजले होते. त्याने खिशाचं बटण काढलं, कागद राखीच्या हातात दिला आणि म्हणाला, "पळ." पोरगी गर्दीतून वाट काढत आमच्या घरात शिरली. पावणेपाचला यादी पूर्ण झाली, पाचला दहा कमी असताना पक्की झाली. छापलेला कागद घेऊन ती बाहेर आली, तेव्हा सुखरामने तो उलटसुलट करून पाहिला.

"महाराजाच्या एका बोलीवर मी हिचं साल घालवणार होतो, म्याडम," तो म्हणाला. राखीने त्याचा हात धरला आणि ती दोघं सायकलपाशी गेली. पुढच्या महिन्यात ती जबलपूरला गेली.

महाराज दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गोंदियाला रवाना झाले. बोर्डात लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. प्रेमलालच्या तारा कधीच गेल्या. आता नेट हवेतून येतं, बिघडलं तर ओढून बघायला हाताशी तारही लागत नाही. म्हणून तर सांगते. जे दिसत नाही त्याच्या नावावर दुकान मांडणं आज अधिक सोपं झालंय. तुमच्यासमोर कुणी असा चमत्कार केला, तर हात जोडण्याआधी दोन गोष्टी करा. तो कधी घडतो ते लिहून ठेवा. आणि तो माणूस गावात नसतानाही घडतो का, ते बघा. विज्ञान शिकलेलं असायची गरज नाही. शेवंताबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांनी प्लग स्वतःच्या हाताने काढून पाहिला, म्हणून एका मुलीचं वर्ष वाचलं. तुम्हीही काढून बघा.