दुसरी किल्ली

मित्रांनो, मला हात लावण्याआधी तुमचे हात दाखवा. रागावू नका, माझा स्वभावच तसा आहे. मी एक जुनं पितळी कुलूप आहे आणि संशय घेणं हाच माझा जन्मभराचा धंदा. आमच्या शहराचं नावही मी सांगणार नाही. केजहून एसटीत बसलात की डोळा लागायच्या आत येतं, एवढं पुरे.

माझा जन्म परराज्यातल्या एका कारखान्यात झाला. माझ्यासोबत दोन किल्ल्या जन्मल्या, सख्ख्या जुळ्या. बीडच्या बाजारात सोमलिंग नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं. त्याच्या घरी पिढीजात किराणा दुकान. पण याला तराजू नको होता, याला पेपर काढायचा होता. पेपरचं नाव ठेवलं 'पडताळा', आणि त्या पेपरच्या कचेरीला मी लागलो.

पुढे लोक सोमलिंगला अण्णा म्हणू लागले. मला अण्णा आवडायचे, कारण ते माझ्याइतकेच संशयी होते. रोज जाताना मला लावून झालं की दोनदा ओढून बघायचे. बातमीचंही तसंच. दोन तोंडांनी खरी झाल्याशिवाय छापायची नाही, आणि ज्याच्यावर आळ आहे त्याला आधी त्याची बाजू विचारायची, हा त्यांचा नियम. पुढाऱ्यांनी ‘चौकशी करू’ म्हटलं की अण्णा त्या दोन शब्दांभोवती काळी चौकट करून छापायचे. सारा गाव हसायचा आणि पुढारी दात-ओठ खायचे.

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. अण्णांच्या पत्नी महादेवीबाई दसऱ्याला मला घासूनपुसून झेंडूचं फूल वाहायच्या. पण बाईंचं स्वतःचं आयुष्य हंड्याखाली गेलं. पेपर गावभराच्या पाण्यावर अग्रलेख लिही आणि संपादकाची बायको कमरेवर हंडा घेऊन विहिरीचा चढ चढे. पुढे त्यांच्या कमरेने दावा साधला. त्या वाकल्या की भिंतीचा आधार घेऊ लागल्या.

मग एक दिवस लोकांनी अण्णांनाच निवडणुकीला उभं केलं आणि भरघोस मतांनी नगराध्यक्ष केलं. गुलाल उधळला, फटाके वाजले. मी मात्र दारावर लटकून विचार करत होतो, की आता यांना प्रश्न कोण विचारणार? कचेरी मुलीच्या हाती आली. शिवांजली संपादक झाली आणि तिचा धाकटा भाऊ केदारनाथ जाहिराती बघू लागला. दाराला नवं शटर बसलं आणि मी बेकार झालो.

तेव्हा अण्णांनीच मला नवं काम दिलं. आमच्या शहरात पाणी गल्लीगल्लीला पाळीने येतं. अण्णांच्या, म्हणजे खालच्या गल्लीची लाइन सोडायचा-बंद करायचा वॉल रस्त्याकडेच्या एका लोखंडी झाकणाखाली होता. कुणीही झाकण उचलून वॉल फिरवायचा. अण्णा म्हणाले, "माझं भरवशाचं कुलूप हाय, ते लावा." एक किल्ली वॉलमन सटवाला मिळाली. दुसरी अण्णांच्या घरी देवघराजवळच्या खिळ्याला राहिली.

दोन किल्ल्या म्हणजे दोन संशय. मी डोळ्यांत तेल घालून पडून राहिलो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी वरच्या गल्लीची पाळी होती. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुणीतरी माझ्यात किल्ली घातली. तो हात मी डोळे झाकून ओळखला असता. अण्णा! मला वाटलं, तपासायला आले असतील. पण त्यांनी झाकण उचललं, वॉल थोडासा फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि निघून गेले. पाणी उताराने खालच्या गल्लीत धावलं. वर चढावर नळ नुसते फुसफुसत राहिले. घटकाभराने येऊन त्यांनी वॉल बंद केला. मला लावलं. ओढून मात्र पाहिलं नाही.

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने मला संशय शिकवला, त्याच्यावरच तो घ्यायची पाळी आली.

हे पुन्हा पुन्हा घडू लागलं. वरच्या गल्लीतली भिवराबाई ऊसतोडीहून परतलेली, घरात लहान लेकरं. ती तक्रार घेऊन थेट 'पडताळा'च्या कचेरीत गेली. गावात एकच बोलणं उठलं: किल्ली सटवाकडं, म्हणजे चोरही सटवाच. खालच्या गल्लीकडून चिरीमिरी खातो म्हणे. केदारनाथ तर पानटपरीवर उभा राहून तेच सांगू लागला. सटवाला कामावरून काढायचं नगरपालिकेत ठरल्यात जमा होतं. फक्त पेपरात बातमी यायची बाकी होती.

त्या दिवशी सटवाने मला झाकणावरून काढलं, तरातरा कचेरीत नेलं आणि शिवांजलीच्या टेबलावर आपटलं.

"ताई, हे घ्या तुमच्याच घरचं कुलूप. दोनच किल्ल्या हायत याला. एक ही माझी. दुसरी कुठं हाय ते तुमाला ठाव हाय. मी बोलणार न्हाई. मी कंत्राटी माणूस, मला लेकरंबाळं हायत."

शिवांजलीचा चेहरा उतरला. बातमी तिच्यासमोर तयार होती, सटवाच्या नावानिशी. ती सही करील आणि प्रकरण मिटवील, असा मला दाट संशय होता. शेवटी रक्ताचं नातं. पण तिने फोन उचलला. आईला किल्ली घेऊन बोलावलं, आणि नगराध्यक्षांनाही.

अण्णा आले. सवयीने संपादकाच्या खुर्चीकडे वळले, तर तिथे मुलगी बसलेली. मग समोरच्या बाकावर बसले. केदारनाथ दाराशी उभा होता.

"नगराध्यक्ष साहेब," शिवांजली म्हणाली. "वरच्या गल्लीचं पाणी खाली वळवलं जातं. दोघांच्या तोंडून खात्री झाली. तुमची बाजू काय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "चौकशी करू."

तेच दोन शब्द, मित्रांनो!

तेवढ्यात महादेवीबाई भिंतीला हात लावत आत आल्या. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "ही खिळ्याला असती. पण वरच्या गल्लीची पाळी असली की दुपारून हिला वला चिखुल असतो. मी दर खेपेला पुसून ठेवत व्हते. मला वाटलं, केदार नेतोय. पोराला कसं बोलू, म्हणून गप बसले."

"आई, मी?" केदारनाथ ओरडला. "मी तर सटवालाच चोर म्हणत गावभर फिरलोय!"

आई मुलावर संशय घेत होती, मुलगा सटवावर. आता घरात एकच माणूस उरला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो खाली बघत होता.

"महादेवी," अण्णा हळूच म्हणाले, "तुजी कंबर... इतकी वर्सं तू हंडे वाहिले. मला वाटलं, निदान आता तरी तुला पाणी दारात..."

"मला इचारलं व्हतं का?" बाई म्हणाल्या. "माझ्या कमरेच्या नावानं भिवराबाईची लेकरं तान्हेली ठिवली तुमी? अन् या सटवाच्या पोटावर पाय? आवो, हंडा जड व्हता, पर माझी मान ताठ व्हती."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठून सटवासमोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले. सटवा गडबडून मागे सरला. मग अण्णा मुलीला म्हणाले, "मला बाजू न्हाई. माझं नाव पुरं लिही. पहिल्या पानावर."

शिवांजली रडत रडत टाइप करू लागली. मी तरीही विश्वास ठेवला नाही. एखादी ओळ गाळेल, नाव आत कुठे बारीक अक्षरात टाकेल, म्हणून पान छापायला जाईपर्यंत मी टक लावून होतो. तिने एकही ओळ गाळली नाही.

सकाळी पेपर आला. कुणी थुंकलं, कुणी पाठ थोपटली. सटवा कामावर राहिला. अण्णा एकटेच चढ चढून वरच्या गल्लीत गेले आणि त्यांनी दुसरी किल्ली भिवराबाईपुढे धरली. तिने आधी किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"म्या काय करू किल्लीचं? मला पानी पायजे," ती म्हणाली. तरीही तिने ती घेतली आणि पदराच्या गाठीला घट्ट बांधली. अण्णांवर तिचा विश्वास उरला नव्हता, आणि ते तिने लपवलंही नाही.

मी पुन्हा त्याच झाकणावर आहे. उन्हातान्हात माझं पितळ काळवंडलंय, आत गाळ साचलाय. मित्रांनो, जुन्या कुलपांची निगा राखा, अधूनमधून तेलाचा थेंब द्या, आम्ही इमान सोडत नाही. आणि कधी चोरी झालीच, तर गरिबाकडे बोट दाखवण्याआधी एवढं करा: आपल्या घरातल्या खिळ्याला लटकलेली किल्ली हातात घेऊन बघा, ती ओली तर नाही ना.