टीम निवडणारी

पंजाबराव म्हणाला, "बायको मेली का मग ती सगळ्यायले हुशारच वाटते बे."

तेव्हा मी त्याची कॉलर धरली. केवलराम मध्ये पडला म्हणून पुढचं काही झालं नाही. मी सहासष्ट वर्षांचा आहे, पंजाबराव एकोणसत्तरचा. दोघंही रेल्वेतून रिटायर. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटून खाली पडलं आणि त्याने ते सगळ्यांना दाखवलं. "पाहा. हा माणूस माह्या अंगावर आला."

हे डिसेंबरात झालं, इकडे हिंदी मुलखात, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, आमच्या हॉलमध्ये.

आम्हा पाच-सहा रिटायर माणसांची तिथे कमिटी आहे. तिला दुसरं नाव नाही, कमिटीच म्हणतात. भारताची टीम बाहेरदेशी टेस्ट खेळायला गेली की पहिल्या टेस्टच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपली अकरा जणांची टीम कागदावर लिहायची. कागद पंजाबरावच्या लोखंडी पेटीत टाकायचे. तो मालगाडीचा गार्ड होता, पेटीचं कुलूप त्याच्याकडेच असतं. दुसऱ्या दिवशी टॉस झाला, खरी टीम कळली की पेटी उघडायची. ज्याची नावं जास्त जुळली तो पुढच्या दौऱ्यापर्यंत चेअरमन. चेअरमनला हाताची खुर्ची आणि पहिला चहा मिळतो. भिंतीवर हिरवा लाकडी बोर्ड आहे, त्यावर पेंटर दौरा, वर्ष आणि चेअरमनचं नाव लिहितो. एवढंच आहे. पण एवढ्यासाठी माणसं महिना महिना एकमेकांशी बोललेली नाहीत.

बोर्डावर चौदा ओळी होत्या. त्यातल्या नऊ ओळींत माझं नाव होतं, देवीदास निखाडे. त्या नऊपैकी सात वेळा पंजाबराव दुसरा आला होता.

त्या नऊ टीम मी निवडलेल्या नव्हत्या. माझी बायको अन्नपूर्णा हिने निवडल्या होत्या.

मी यार्डात वॅगन तपासायचो. ड्यूटी कधी बारा तास, कधी चौदा. मॅच पूर्ण अशी मी कधी पाहिलीच नाही, रिटायर झाल्यावरही नाही. ती पाहायची. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, टीव्ही चालू. नागपूरचा पेपर आला की आधी मागचं पान उघडायची. आदल्या दिवशी मी कागद घेऊन बसायचो आणि ती सांगायची. आम्ही रेल्वेवाले खेळाडूंना नावाने कमी आणि गावाने जास्त ओळखतो. "इंदूरवाला घ्या. बडोद्याचा नका घेऊ. तिसऱ्या नंबरले जयपूरवाला लिहा."

मी एकदा म्हणालो, "बडोद्याचा तर चांगला खेळून राहिला."

"चांगला कोण हे नाही पाहायचं," ती म्हणाली. "निवडणारा कसा आहे ते पाहायचं. हा कोच लोकं काय म्हणतीन त्याले भेते. बडोद्याचा दोनदा सोपे कॅच सोडून बसला, पेपरात फोटो आला. त्याले नाही घेणार."

"तुले काय माहीत तो भेते का नाही?"

"एका भेणाऱ्यासंगं बत्तीस वर्षं राहून राहिले ना मी."

बडोद्याच्या खेळाडूला घेतलं नाही. त्या वर्षी मी नवव्यांदा चेअरमन झालो. संध्याकाळी पेढे घेऊन घरी आलो, तेव्हा ती म्हणाली, "एकदा तरी माहं नाव टाका ना त्या बोर्डावर."

मी म्हणालो, "बाईचं नाव? हसतीन लोकं."

ती "बरं" म्हणाली आणि दूध गरम करायला गेली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. पुढे तिच्या किडन्या गेल्या. आठ महिने आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यायचो. ऑगस्टमध्ये ती वारली. मुलगी निशा नागपूरला असते, ती महिनाभर राहून गेली. मग घरात मी आणि टीव्ही.

म्हणून डिसेंबरात, दक्षिण आफ्रिकेतल्या टेस्टच्या आदल्या दिवशी, सगळे जण आपापले कागद दुमडत बसले होते तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं. मी लिस्ट टाकणार नाही. त्या नऊ टीम अन्नपूर्णाच्या होत्या. माझं नाव काढा आणि नऊही ठिकाणी तिचं लिहा. पेंटरचे पैसे मी देतो.

मग पंजाबराव हसला. म्हणाला, "म्हणजे सात वेळा मी तुह्या बायकोच्या मागं दुसरा आलो?"

"हो."

"जिनं मले चहा देल्ला, कांदेपोहे देल्ले, ती बाई?"

"हो, तीच."

त्यावर तो ते वाक्य बोलला आणि मी त्याची कॉलर धरली.

केवलरामने मला खुर्चीवर बसवलं. केवलराम इंजिनाचा ड्रायव्हर होता, इथलाच, धमधा बाजूचा. आमच्यात राहून अर्धं मराठी बोलतो. "निखाडे जी, शांत. पंजाबभाऊ, तुम भी। तेरवीचं जेवण जेवलात ना तुम्ही त्यांच्या घरी? मग?"

"जेवलो. म्हणून काय खोटं ऐकून घेऊ?" पंजाबराव बटण खिशात टाकत म्हणाला. "दोन गोष्टी सांगतो. हा नऊ वेळा आमच्यासंगं खोटं बोलला, नाही तर आज बोलून राहिला. दोन्हीकडून खोटारडाच हाय. आणि कमिटीत बाई मेंबर नव्हतीच. बाहेरच्याची लिस्ट टाकली असंन तर ते नऊच्या नऊ रद्द."

"रद्द केले तर चेअरमन कोण? तूच ना?" मी म्हणालो.

"मंग? दुसरा मीच होतो."

आता माझ्या लक्षात आलं की तो सकाळपासून काय विचार करत असेल. म्हणजे सकाळपासून नाही, पण मी बोलल्यापासून तरी.

बाकीचे कुजबुजायला लागले. एक म्हणाला, देवीदासला दुःखाने असं होतंय. दुसरा म्हणाला, निशाला फोन करा. मी म्हणालो, "मले वेड नाही लागलं. मले क्रिकेट समजत नाही, एवढंच सांगून राहिलो मी."

"समजत नाही?" पंजाबराव पुढे सरकला. "ठीक. मग लिहून दाखव. आता, इथं, सगळ्यायसमोर. एकेक नाव मोठ्यानं बोल आणि कावून घेतलं ते सांग. उद्या सहा किंवा कमी जुळले, तर मी सोता पेंटरले बोलावतो, तिचं नाव टाकतो. नऊ किंवा जास्त जुळले, तर तुहंच डोकं होतं हे पक्कं. मग हा विषय तोंडातून काढायचा नाही. वहिनीचं नाव पुन्हा या हॉलमध्ये घ्यायचं नाही."

"और बीच में आया तो?" केवलरामने विचारलं.

"मग पुढच्या दौऱ्याले पाहू."

मी हो म्हणालो. माझ्या मनात सरळ होतं. वाईट टीम लिहायची. मला मूर्ख म्हणतील, म्हणू देत. तिचं नाव लागेल.

पहिल्या नंबरला मी चेन्नईचा म्हातारा ओपनर लिहिला.

"कावून?" पंजाबराव.

"अनुभव आहे त्याले."

"आठ डावात त्रेचाळीस रन, हा अनुभव? अबे, शाळेतलं पोट्टंही त्याले घेणार नाही. पाहा रे, हा मुद्दाम चुकून राहिला. बायकोसाठी टीम पाडून राहिला हा!"

सगळे हसले. मी ते नाव खोडलं.

"कीपर लिही," पंजाबराव म्हणाला. "कीपर तर आंधळाही सांगंन. लखनऊवाला. मागच्या मॅचले शतक आहे त्याचं."

"तो नाही येत," मी म्हणालो.

माझ्या तोंडातून निघून गेलं. त्याचा तो पक्का आवाज मला सहन झाला नाही.

"कावून नाही येत?"

"काल टीव्हीवर प्रॅक्टिस दाखवली. तो बॉल पकडते आणि बाजूच्याच्या हातात देते. फेकत नाही. बोट दुखून राहिलं त्याचं. कोच त्याले घेणार नाही, कारण अर्ध्या मॅचमध्ये तो बसला तर पेपरवाले कोचलेच धरतीन. कटकवाला येईल."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. केवलराम माझ्याकडे बघत होता.

तिच्यामागे चार महिने मी रोज मॅच पाहत होतो. घर फार शांत असायचं म्हणून टीव्ही लावायचो, आणि लावला की तिने दाखवलेलं तेच दिसायचं. कोण मान खाली घालून परत जातो, कोण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, कोण पाणी प्यायला उगाच थांबतो. इतकी वर्षं मी ऐकत नव्हतो असं मला वाटायचं. मी ऐकत होतो.

त्यानंतर मला थांबता आलं नाही. पंजाबराव एकेक नाव काढायचा आणि मी ते पाडायचो. बडोद्याचा नाही, कॅच सोडतो. इंदूरवाला येईल, तो कोचसमोर वाद घालत नाही. फास्ट बॉलर तीन. मी रागाने बोलत होतो. त्याला प्रत्येक नावाला खोटं पाडायचं, एवढंच डोक्यात होतं. दहा नावं झाली तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलो.

अकराव्या जागेवर मी अडलो. चौथा फास्ट बॉलर की दुसरा स्पिनर, हे कॅप्टन ठरवणार होता. कॅप्टन नवा होता, ऑक्टोबरात झाला होता. अन्नपूर्णाने त्याला कॅप्टन म्हणून पाहिलंच नव्हतं. तो भित्रा आहे की धीट, हे तिने मला सांगितलेलं नव्हतं. मी अंदाजाने गुवाहाटीचा स्पिनर लिहिला.

"कारण?"

"माहीत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. पण आता ते कोणाला खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाजता टॉस झाला. टीव्हीवर नावं आली. लखनऊवाला नव्हता, कटकवाला होता. बडोद्याचा नव्हता. पंजाबराव माझा कागद हातात धरून एकेक नावावर खूण करत होता आणि खूण करताना मोठ्याने आकडा म्हणत होता. सात. आठ. नऊ. नऊला त्याने माझ्याकडे पाहिलं. दहा. गुवाहाटीचा स्पिनर नव्हता, चौथा फास्ट बॉलर होता.

"दहा!" तो म्हणाला. "दहा बरोबर आणि म्हणे क्रिकेट समजत नाही!"

"दहा तिचे आहेत," मी म्हणालो. "जो चुकला तो माहा."

"चूप. शब्द देल्ला होता काल. तिचं नाव घ्यायचं नाही." त्याने हाताची खुर्ची ओढत माझ्यासमोर आणली आणि तिच्यावर थाप मारली. "बसा चेअरमन साहेब. उद्या पेंटरले सांगतो. दहावी ओळ, देवीदास निखाडे. मेलेल्या बाईच्या नावानं रडून मोठा झाला, बस आता."

बाकीच्यांनी खाली पाहिलं. एकानेही त्याला गप्प बस म्हटलं नाही. ते सगळे माझ्या घरी चहा पिऊन गेलेले लोक होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला त्यांचा फार राग आला नाही. लोक हसतील असं तिला पहिल्यांदा मीच म्हणालो होतो. हे लोक नंतरचे.

मी खुर्चीवर बसलो नाही. ती उचलली, बोर्डाखाली नेऊन ठेवली आणि वर चढलो. खिशात घराची किल्ली होती. नऊपैकी सगळ्यात वरच्या ओळीत माझं नाव होतं तिथे किल्ली टेकवली आणि खरवडायला लागलो.

"अबे! अबे उतर!" पंजाबराव ओरडला. "कमिटीचा बोर्ड आहे तो!"

"बोर्ड कमिटीचा. नाव माहं आहे."

"मग तिथं काय लिहायचं?"

"तिचं लिहा. नाही तर रिकामं ठेवा."

"रिकामं? कोणी विचारलं का त्या साली पहिला कोण आला होता, तर काय सांगायचं आमी?"

"तू सांग ना," मी म्हणालो. "सात वेळा दुसरा आला तू. कोणाच्या मागं आला ते तुले माहीत आहे."

त्याने खुर्चीचा पाय धरला आणि ओढला. मी भिंतीला हात टेकवला. केवलराम उठून आला, त्याने पंजाबरावचा हात सोडवला आणि खुर्ची दोन्ही हातांनी धरून ठेवली. माझ्या बाजूने तो बोलला नाही. "गिर जाएंगे। फिर हॉस्पिटल कौन जाएगा?" एवढंच म्हणाला.

पंजाबराव शिव्या देत होता. मला, माझ्या खात्याला, यार्डाला, तिलाही एक दिली. मी वळलो नाही. जुना ऑइल पेंट होता, लवकर निघत नव्हता. टेस्टचा पहिला बॉल पडला तेव्हा मी दुसऱ्या ओळीवर आलो होतो आणि अजून सात बाकी होत्या.