फवारणीचे कपडे

टाले मॅडमचा मला भारी राग यायचा. नर्सिंगला येऊन दोन महिने झाले, तरी त्या शिकवायच्याच नाहीत. कागदावर एक पेशंट द्यायच्या आणि म्हणायच्या, "शोधा."

आजची पेशंट शेतकरी बाई होती. डोकेदुखी, घाम, मळमळ. आमच्या गटाने फवारणीचं विष ओळखलं, पण बाई कधीच फवारत नाही, असं कागदावर लिहिलेलं. सगळे अडकले.

मला गावी, तिवशाला असलेली माझी माय आठवली; तिचंही डोकं सारखं दुखायचं.

"नवऱ्याचे कपडे कोण धुतं?" मी विचारलं.

मॅडमनी हसून दुसरा कागद दिला. बाईच धुवायची.

मी बाहेर पळत जाऊन फोन लावला. "माय, बाबाचे फवारणीचे कपडे हातानं धुऊ नको. तुह्यं डोकं त्याच्यानंच दुखत असंन."

"कोनं सांगतलं तुले?"

"आमच्या मॅडमनं," मी म्हणाले.