वर्षभराची वेचणी

तिनं हिरवळीच्या कडेला नुसता हात घातला, तर गालिचा उचलावा तसं गवत वर आलं. खाली मुळं नव्हतीच. मातीत पांढऱ्या, वाकड्या अळ्या वळवळत होत्या.

"हुमणी," ती म्हणाली. "भुंगेऱ्यांची पिल्लं. मुळंच खाऊन टाकतात."

रुग्णालयाची देखभाल बघणारे साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. "मग औषध मारा की, मावशी. तुमचे मालक होते तेव्हा दोन दिवसांत साफ करून द्यायचे."

तिचा नवरा बावीस वर्षं याच बागेत माळी होता. पाठीवर पंप, तोंडाला काही नाही. 'सवय आहे' म्हणायचा. शेवटी शेवटी जिना चढताना तीनदा बसायचा. औषधामुळंच झालं, असं डॉक्टरांनी काही लिहून दिलं नाही. नाही असंही म्हणाले नाहीत. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं.

"साहेब, इथं पेशंटची माणसं आडवी होतात. पोरं रांगतात. मी हातानं वेचते."

"अख्खी हिरवळ? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"एक वर्ष द्या. नाही जमलं तर खुशाल फरशी घाला."

साहेबांनी खांदे उडवले, म्हणजे परवानगीच.

ती खुरपं घेऊन बसली. रोज एक तुकडा उकरायचा, अळ्या साबणाच्या पाण्यात टाकायच्या, माती दाबून नवं गवत लावायचं. फाटकावरचा रखवालदार चिडवायचा, "मावशी, आज किती गारद?"

"तू काढलेल्या डुलक्यांच्या दुप्पट!"

हवा ओलसर झाली तसे हातून सुटलेल्या अळ्यांचे भुंगेरे जमिनीतून निघाले आणि दिवेलागणीला झुडपांची पानं कुरतडू लागले. ती खाली चादर पसरून फांद्या हलवायची. टपटप पडायचे. एकदा वेचता वेचता ती मनातल्या मनात नवऱ्यावर रागावली, 'अहो, तुम्हाला का नाही सुचलं हे?' आणि लगेच हात थांबले. त्याला वर्ष दिलं होतं कुणी? त्यानं मागितलंही नसतं. ती चादरीवरच खाली बसली आणि कितीतरी वेळानं उठली.

वर्ष सरलं. वरच्या कोपऱ्यात टक्कल राहिलं, बाकी गवत भरून आलं. साहेब जाता जाता "जमलं की!" एवढंच म्हणाले.

एका सकाळी वॉर्डातून एक तरुण बाई बाहेर आली. चपला हातात होत्या. हिरवळीच्या मधोमध आली आणि पालथी पडली. आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती.

"मावशी, पाणी सोडायची वेळ झाली," रखवालदारानं आठवण केली.

"राहू दे आज."

तिनं पाइप गुंडाळून ठेवला. त्या बाईपासून चार हातांवर, तिच्याकडे पाठ करून बसली. ऊन चढलं, तरी दोघींतलं कुणी उठलं नाही.