गाळाखालचा उंबरठा

दोड्डमरळीच्या तळ्याच्या सांडव्यावर दगडांचा दुसरा थर चढला हे कानावर आलं, तशी चौडम्मा नाचणीचा गोळा ताटातच टाकून बांधाकडे निघाली. तळ्यातलं जादा पाणी या सांडव्यावरून वाहून जायचं, आणि त्याच्या खालच्या अंगाला तिची वस्ती होती. अठ्ठावीस घरं. बांध फुटला तर पहिलं पाणी तिथंच शिरणार.

तिच्या सासरचे लोक तीन पिढ्या या तळ्याचे नीरगंटी. मोरी कधी उघडायची, कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं, हे त्यांनी बघायचं. नवरा गेल्यावर ते काम तिनं घेतलं. गावानं आधी नाकं मुरडली, मग सवय झाली.

"कुणी सांगितलं रे हे?" तिनं गवंड्याला विचारलं.

"वरनं हुकूम आलाय, अज्जी. दीड फूट उंच करायचंय. पाणी जास्त साठेल."

"साठेल की. आणि बांध गेला तर तुझा हुकूम आमची पोरं शोधायला येणार आहे का?"

गवंडी हसला, पण हातातली थापी त्यानं खाली ठेवली.

तेवढ्यात पंचायतीचे अध्यक्ष सोण्णेगौडा तरुण इंजिनियरला घेऊन आले. इंजिनियर हरीश तसा सभ्य होता. त्यानं नीट समजावून सांगितलं. "अम्मा, हा बांध दहा फूट पाणी पेलतो. तळ्याच्या तळापासून सांडव्याच्या माथ्यापर्यंत मी स्वतः मोजलं. आठ फूट भरतं. दीड वाढवलं तरी साडेनऊच होतं. घाबरू नका."

"तळ कुठला धरला?"

"तळ म्हणजे तळ. हा काय समोर."

चौडम्मानं कमरेला बांधलेलं फडकं सोडलं. आतून चाळीस-एक पानांची, कडा खाल्लेली पुस्तिका निघाली. अनंतसुब्बय्या नावाच्या सब-ओव्हरसियरनं १९२६ साली तालुक्यातल्या तळ्यांची मोजमापं छापून प्रत्येक नीरगंटीला एकेक प्रत दिली होती. घेणाऱ्यांना वाचता येत नव्हतं. तिच्या सासरच्यांनी ती दर आयुधपूजेला कुदळ-फावड्याशेजारी मांडली, कुंकू लावलं आणि परत नाचणीच्या कणगीत ठेवली. नव्वद वर्षं तिची पूजा झाली, पान एकही उलटलं नाही. चौडम्मा बावन्नाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली आणि तिनं पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं, तेव्हा कुंकवानं चिकटलेली पानं तिला वाफेवर धरून सोडवावी लागली होती.

बोट ओळीखाली सरकवत ती मोठ्यानं वाचू लागली. "दोड्डमरळी. मोरीला दोन तोंडं. पाणी खालच्या तोंडाच्या उंबरठ्यापासून मोजावं. बांध दहा फुटांचा, त्यावर एक वीतही नाही. पूर्वी लोकांनी सांडव्यावर फूटभर दगड रचले, हस्ताच्या पावसात बांध फुटला, सतरा माणसं गेली."

"दोन तोंडं?" सोण्णेगौडा खो खो हसले. "चौडे, माझा जन्म इथं गेला. मोरीला एकच तोंड आहे. कणगीत उंदरांनी खाल्लेलं बाड आणून साहेबांना शिकवतेस?"

"ही पुस्तिका आमच्या खात्याच्या यादीत नाही, अम्मा," हरीश म्हणाला. "मला हिचा आधार घेता येणार नाही."

"यादी राहू द्या. खणून बघा."

दुसरं तोंड तिनंही कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. खाली नुसताच चिखल निघाला असता, तर त्या दिवसापासून गावात तिचा शब्द कुणी ऐकला नसता. हे तिला ठाऊक होतं, आणि तरी ती पदर खोचून मोरीपाशी उतरली.

पाऊस अजून लांबला होता, तळ्यात डबकंच होतं. वस्तीतल्या सहा-सात बाया घमेली घेऊन आल्या. फूटभर खणलं, काही नाही. वरून सोण्णेगौडांची टोमणेबाजी चाललेलीच. "सापडलं तर मलाही दाखवा गं, हळदकुंकू वाहीन म्हणतो!"

"गौडा, उतरा खाली, एक घमेलं उचला. पोट तरी कमी होईल," चौडम्मा मान वर न करता म्हणाली. बाया फिस्सकन हसल्या.

दीड फुटावर पहार दगडाला लागली. तोंडाची कमान आधी दिसली, गाळानं गच्च भरलेली. मग तिच्या तळाशी घडीव उंबरठा, सरळ रेषेत. हरीशनं बूट काढले, चिखलात उतरून टेप लावला. गाळाच्या वरच्या थरापासून उंबरठ्यापर्यंत दोन फूट. आणखी एकदा लावला. दोनच.

"आठ आणि दोन," चौडम्मा म्हणाली. "तुमचे दहा आधीच भरलेत, साहेब. तुम्ही गाळाला तळ समजलात."

हरीशनं टेप गुंडाळला. मग म्हणाला, "काम थांबवतो. वर लिहितो. पुस्तक मात्र द्यावं लागेल, फाईलला जोडायला."

"पुस्तक माझ्या हातातून सुटणार नाही. तुमच्या कपाटात एकदा गेलं की गेलं. बसा इथं. मी वाचते, तुम्ही लिहून घ्या."

तो बांधावर मांडी घालून बसला. तिनं वाचलं, त्यानं लिहिलं. एका आकड्यावर तो घाईनं पुढं सरकला, तेव्हा तिनं त्याला थांबवून पुन्हा लिहायला लावलं.

"वरून उत्तर येईपर्यंत हे दोन थर असू देत," उठताना तो म्हणाला. "सरकारी काम आहे. मला पाडता येत नाही."

"हस्त आठ दिवसांवर आलाय. तुमचं उत्तर कधी येणार?"



चौडम्मानं गवंड्याकडे हात पुढं केला. गवंड्यानं एकदा गौडांकडे पाहिलं आणि पहार तिच्या हातात दिली.

"चौडे! गुन्हा दाखल होईल!"

"होऊ दे. साहेब, लेखणी उघडीच आहे, तेही लिहा. चौडम्मा, नीरगंटी, हिनं दिवसाढवळ्या सांडवा मोकळा केला. खाली सही मी करते. अंगठा नाही, सही."

वरच्या थरातलं सिमेंट ओलं होतं, पहिला दगड लगेच सुटला आणि गडगडत खाली गेला. खालचा थर मात्र धरला होता. तिला दम लागला, तशा बाया आळीपाळीनं पहार घेऊ लागल्या. गौडा केव्हाच निघून गेले. हरीश तिथंच उभा राहिला. त्यानं हात लावला नाही, पण कुणाला थांबवलंही नाही. उन्हं कलेपर्यंत त्या सांडव्यावर घाव पडत राहिले.