सैल बटण

“सगळ्या गल्लीची बटणं कापड विरलं तरी जागची हलत नाहीत, आणि भाऊजींचीच बरी सारखी तुटतात!” आतल्या खोलीच्या दारात उभी राहून शिंप्याची बायको म्हणाली. “त्यांचा कोट आला की हाताला काय होतं हो तुमच्या?”

“दोरा कच्चा होता,” शिंपी पुटपुटला आणि उगाच मशीनवर वाकला.

दोरा कधीच कच्चा नव्हता. बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि शेवटी गाठ मारायची, हे त्याची बोटे झोपेतही करीत. फक्त लंब्याच्या, बायकोच्या या भाऊजींच्या, कोटाला तो गाठ मारीत नसे. गाठ नसली की बटण हळूहळू सैल होते, एके दिवशी लोंबू लागते, आणि लंब्या दुकानाची पायरी चढतो.

कामावाचून लंब्या कधी आला नव्हता. शाळेत एकाच बाकावर बसत, तेव्हाही गणिते उतरवून घेण्यापुरताच तो जवळ सरके. पण त्या सरकण्याची ऊब शिंप्याला अजून आठवे. पुढे लंब्याचे मुलाखतीचे शर्ट, त्याच्या मुलाचे गणवेश, घरचे पडदे, सारे याच मशीनखालून गेले. शिंपी तापाने अंथरुणाला खिळला, तेव्हा लंब्याचा निरोप आला होता, “घाई नाही. बरा झालास की तेवढी पँटची उंची कमी कर.” त्यातले ‘बरा झालास की’ एवढेच शिंप्याने जपून ठेवले होते.

“आमचा सुतळ्या माणूस सोन्यासारखा,” लंब्या चारचौघांत सांगे, “पण बटण लावावं ते दुसऱ्यानंच!” गिऱ्हाइके हसत. शिंपीही हसे, ओठांत टाचण्या धरून.

आज लंब्या दूरच्या शहरात, मुलाकडे, कायमचा राहायला निघाला होता. कोट शिंप्याच्या मांडीवर होता. सैल बटण आता तिकडेच तुटले असते आणि लंब्याला घेऊन दुसऱ्याच कुणा शिंप्याच्या पायरीवर गेले असते. शिंप्याने जाड दोरा ओवला. वेढे दिले. सुई कापडाच्या पोटात नेऊन तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने गाठ मारली.

“झालं का रे, सुतळ्या?” लंब्या दारातूनच ओरडला. “गाडी उभी आहे बाहेर.”

“बस ना जरा. चहा टाकलाय.”

“आता कसला चहा!” लंब्याने कोट अंगात चढवला, बटण ओढून पाहिले. “या खेपेला टिकेल ना? तिकडे तुझ्यासारखं हक्काचं कोण भेटणार?”

“आता नाही निघणार ते.”

“आणि हे बघ, तिकडे थंडी मरणाची. एक जाकीट शिवून पाठव. माप आहेच तुझ्याकडे.”

माप होतेच. स्वतःच्या वयात शिंपी चुकला असता, त्या मापात नाही.

“नव्यानं घ्यावं लागेल,” तो म्हणाला. “वाळलायस. हात वर कर.”

त्याने दोन्ही हात लंब्याच्या पाठीमागे नेले आणि फीत छातीवर आणली. त्याचे कपाळ लंब्याच्या खांद्याला टेकता टेकता राहिले. कोटाला इस्त्रीचा वास होता. शिंप्याच्या डोक्यावरून लंब्या गाडीकडे पाहत होता.

“आटप रे!”

“श्वास सोड,” शिंपी म्हणाला. “सोड सगळा.”

बाहेर भोंगा वाजला, आणि फितीच्या कड्यातून लंब्या निसटला. गाडीतून एक हात हलला. निरोपाचा होता की चालकाला खूण होती, ते कळले नाही.

बायको दोन कप घेऊन बाहेर आली. तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि टोमणा ओठांतच ठेवला.

“किती भरलं माप?” तिने हळूच विचारले.

शिंप्याने आकडा पाहिलाच नव्हता. जिथे फितीची दोन टोके भेटली होती, ती जागा त्याच्या चिमटीत होती. त्याने डाव्या हाताने कप घेतला. उजवी चिमूट त्याने सोडली नाही.