मागच्या आर्मचे किलोमीटर

रॅलीत गाडी सुटून तास झाला होता, आणि वस्ताद मेकॅनिक चहा फुंकत सहज बोलून गेला, "साहेब, सरावातसुद्धा हाच मागचा आर्म होता हां. सरावाचा जुना पहिल्याच दिवशी वाकला, मग चिमणीताई म्हणाल्या, शर्यतीचाच लावा."

डिझायनरच्या पायाखालची जमीन सरकली. ही गाडी त्यानेच काढलेली, अगदी नळी न् नळी. मागचं चाक धरून ठेवणारा तो आर्म त्याने मुद्दाम पातळ केला होता, गाडी दोन किलोंनी हलकी व्हावी म्हणून. दगडगोट्यांत आयुष्य चार हजार किलोमीटर. त्यानंतर तो कधी मोडेल याचा नेम नाही. वहीप्रमाणे झाले होते तीन हजार. पण वहीत फक्त शर्यती चढायच्या! सरावाचं कोण लिहितं? कुणीच नाही, तोही नाही.

"सराव किती झाला?"

"झाला असेल की बाराशे."

"अहो, मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंत कधी?" वस्ताद म्हणाला, आणि त्याचाही चेहरा उतरला.

गाडी चालवत होती त्याची धाकटी बहीण, चिमणी. अकरा रॅलींत ही गाडी पाचदा अर्ध्यात बसली, दोनदा दुसरी आली, पहिली एकदाही नाही. आज मात्र पोरगी सगळ्यांच्या पुढे होती, आणि ही गाडीची शेवटची रॅली. पुढच्या वर्षी संघच राहणार नव्हता.

तो धावतच नियंत्रणाच्या तंबूत गेला. पडद्यावर एक पिवळं टिंब माळावरून सरकत होतं. तीच ती.

"गाडी थांबवा," तो म्हणाला.

"मोडलीय का?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"नाही, पण मोडेल."

"माघार चालकानेच घ्यायची, भाऊ. तुम्ही नाही, मीही नाही." बाई काही वाईट नव्हत्या. "पेट्रोलच्या थांब्यावर पंधरा मिनिटं थांबावंच लागतं. तिथे तुमचा निरोप पोचवते. तेवढंच माझ्या हातात आहे."

त्याने लिहून दिलं: आर्मचं आयुष्य संपलंय. पुढे जाऊ नकोस. दादा.

थांबा चाळीस किलोमीटर लांब होता. चाळीस! मध्ये नदीचं कोरडं पात्र, सगळे गोटेच गोटे. टिंब पात्रात उतरलं तसा त्याचा जीव टांगणीला लागला. कागदावर दोन किलो वाचवताना केवढा खूश झाला होता तो. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटत होतं, पण त्याने काय होणार होतं, कपाळ! वस्ताद शेजारी उभा राहून नुसता हात चोळत होता.

टिंब पलीकडे चढलं. थांब्यावर येऊन थांबलं.

"पोचल्या ताई," वस्ताद म्हणाला. डिझायनर मटकन खुर्चीत बसला. त्याला रडूच आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही.

दहा मिनिटांनी वायरलेस खरखरला. बाईंनी ऐकलं, लिहून घेतलं, आणि कागद वाचण्याआधी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"निरोप वाचला म्हणे. उत्तर दिलंय. 'दादाला सांगा, सरावाचे किलोमीटर मी मोजलेत. मला निघायच्या आधीपासून ठाऊक आहे. सांगितलं असतं तर त्याने गाडी दिली नसती.'"

"नसतीच दिली," तो पुटपुटला. "परत निरोप द्या. म्हणावं दादा हात जोडतो."

"पंधरा मिनिटं संपली, भाऊ."

टिंब हललं. पुढे सत्तर किलोमीटर, मध्ये एकही थांबा नाही.

"थांब गं बाई, थांब," तो पडद्यालाच विनवू लागला. मागून दुसऱ्या गाडीचं निळं टिंबही थांबा संपवून निघालं, जवळ जवळ येऊ लागलं. तो उठून उभा राहिला. दोन्ही मुठी आवळल्या गेल्या, आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"पळव, चिमणे! पळव!"